उलट्या लवेचा पट्टा

टोळीतले सगळे तिला वहिनी म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले मिस्त्रीसुद्धा. लोकांच्या घरामागच्या अंगणात नकली गवताची खेळाची कोर्टं बसवायचा धंदा तिच्या धाकट्या दिराचा. दीर वहिनी म्हणायचा, म्हणून ती साऱ्या जगाची वहिनी. नवरा शिंपी. लग्नानंतर तीही त्याच्या शेजारच्या मशीनवर बसायची. मग एकदा दिराला जोड लावायला माणूस मिळेना. "कापडच समजा की, वहिनी," म्हणत तो तिला घेऊन गेला, आणि ती जी गेली ती परत मशीनवर बसलीच नाही.

कापडच म्हणे! कापड शिवताना कुणाच्या अंगाची लाही लाही होते का? इथं उघड्यावर गुडघे टेकून काम, आणि हवा अशी दमट की श्वास घेतला तरी ओलं फडकं नाकावर ठेवल्यासारखं वाटावं. गवताचे दोन पट्टे कडेला कड लावून खालच्या पट्टीवर चिकटवायचे, असे की खेळणाऱ्याच्या पायाला जोड कळता कामा नये. अशा हवेत गम बघता बघता धरतो. त्यात घामाचा थेंब पडला तर फसफसून वर येतो. म्हणून वहिनी कपाळाला जाड फडकं बांधायची. नवऱ्यानं तिच्या पँटला गुडघ्यांवर दुहेरी ठिगळं शिवून दिली होती. "मी शिवलेलं लोक अंगावर घालतात, तू शिवलेलं पायाखाली," असं तो चिडवायचा. ती म्हणायची, "पण माझं उसवत नाही."

आणि खरंच उसवत नसे. त्याचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवतही नसे. का लपवावा?

तर त्या दिवशी काम होतं एका दातांच्या डॉक्टरीणबाईच्या बंगल्यामागे. सकाळी गाडीतून सामान उतरवतानाच दिरानं सगळ्यांसमोर बॉम्ब टाकला. "पुढच्या कामापासून जोड आमचे जावई लावतील. वहिनी, तुम्ही बसलेल्या गवतात रेती पसरायची, ब्रश मारायचा. सावलीत बसून चहा करा हवं तर. तुमच्या गुडघ्यांची काळजी वाटते हो."

जावईबापू मागे मान खाली घालून उभे. नोकरी सुटून घरी बसलेला माणूस, सासऱ्यानं कामाला लावलेला. त्याला काय बोलायचं?

"माझ्या गुडघ्यांनी तुमच्याकडे तक्रार केली का, भाऊजी?" वहिनीनं विचारलं.

टोळी खो खो हसली. दीर हसला नाही. "ठरलंय ते ठरलंय," म्हणाला आणि फोनवर बोलायला निघून गेला.

वहिनीचं डोकं असं काही भडकलं की विचारू नका. इतकी वर्षं हाडं झिजवली, आणि आता चहा कर? तिची एक सवय होती. पट्टा चिकटवायच्या आधी ती त्याच्यावरून तळहात फिरवायची. या गवताला मखमलीसारखी लव असते, आणि सगळ्या पट्ट्यांची लव एकाच दिशेला झुकलेली लागते, नाहीतर उजेडात रंग वेगळा दिसतो. त्या दुपारी जेवायच्या सुट्टीत पोरांनी एक पट्टा सावलीत ओढून ठेवला होता, परत आणताना तो उलट्या टोकानं फिरला. आणि वहिनीनं हात फिरवलाच नाही. मनात दिराशी भांडण चालू होतं ना! पट्टा ठेवला, गम लावला, दाबला, मोकळी झाली.

ऊन कललं तेव्हा दीर व्हरांड्यात उभा राहिला आणि त्याचे डोळे चमकले. सगळं कोर्ट पोपटी, आणि मधला एक पट्टा गर्द हिरवा.

"वहिनी, या जरा इकडे."

ती गेली. तिनं पाहिलं. असली चूक तिच्या हातून कधीच झाली नव्हती.

"बघा," दीर हळू आवाजात, अगदी गोड बोलत होता, "डोळे गेले आता तुमचे. मी म्हणत होतो ते खोटं नव्हतं. रेती जास्त ओतू, ब्रश मारू, बाईंना काही कळायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी कुणाला बोलणार नाही. तुम्ही उद्यापासून घरी आराम करा."

म्हणजे चूकही झाकायची आणि तिलाही! ती सरळ मागच्या दारात गेली आणि डॉक्टरीणबाईला हाक मारली.

"बाई, तो मधला पट्टा उलटा लागलाय. मी लावला. उद्या काढून नीट बसवते."

बाई चष्मा वर करून बघत म्हणाल्या, "थोडा वेगळा दिसतोय खरा. पण चालेल हो, राहू द्या."

"तुम्हाला चालेल. मला नाही चालणार."

दिरानं कपाळावर हात मारला. बाई आत गेल्यावर तो दात ओठ खात म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण! उद्या स्वतः उपटा आणि स्वतः लावा. एक माणूस हात लावणार नाही. आणि ते झालं की तुमचा माझा धंद्यापुरता राम राम."

"मीच उपटणार होते," वहिनी म्हणाली. "चूक माझी आहे. काम पण माझंच आहे."

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच हजर. वाळलेला गम म्हणजे दुष्मन. कटरनं कड सोडवायची, दोन्ही हातांनी ओढायचं, पट्टा वीतभर सुटायचा आणि पुन्हा अडायचा. टोळी लांब कडेला उभी. एक मिस्त्री पुढे सरकला, तर दिरानं डोळे वटारले. खालची पट्टी तिनं पत्र्यानं खरवडून काढली, बोटांची सालटं निघाली. रोलमधला उरलेला तुकडा पसरला. त्याच्यावरून तळहात फिरवला, एकदा या टोकापासून, एकदा त्या टोकापासून. कडांवर विटा ठेवून एकटीनं जोड दाबला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता आणि तोंडातून दिराच्या नावानं जे काही निघत होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पट्टा बसला. कोर्ट एका रंगाचं झालं. पण कोर्टाची पलीकडची बाजू अजून लागायची होती. तिथले पट्टे नुसते पसरून ठेवलेले होते.

दीर गवतावरून चालत तिच्याजवळ आला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "झालं ना समाधान? आता कटर जावयांकडे द्या आणि घरी जा. घरचं माणूस म्हणून इतके दिवस सांभाळून घेतलं, पण धंदा म्हणजे..."

वहिनीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गुडघ्यांवरच पुढच्या पट्ट्याकडे सरकली, कड उलटून धरली, तळहात फिरवला आणि गमचा डबा सरळ पट्टीवर ओतला.

"गम पडलाय!" ती ओरडली. "पाय काढा!"

आता ही या टोळीची रीत होती, दिरानंच घालून दिलेली. गम पडला की जोड लावणाऱ्याशिवाय कुणाचाही पाय गवतावर नको, मालक का असेना. पट्टा तसूभर सरकला तरी जोड गेलाच. दिराचं वाक्य अर्धवट राहिलं आणि पाय आपोआप मागे गेले. मागे मागे सरकत तो थेट नळाशेजारच्या चिखलात जाऊन उभा राहिला. टोळीतले सगळे बघत होते. कुणी मोठ्यानं हसलं नाही, पण दात सगळ्यांचेच दिसले.

"जावईबापू, तुम्ही बाहेरूनच तिकडची कड धरा. ताणू नका, नुसती धरा," वहिनी म्हणाली. जावई धावत गेला आणि गुडघे टेकून कड धरून बसला. त्यानं सासऱ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

तिनं जोड मिटवला. बोटांनी गवताची पाती मोकळी केली, रोलर फिरवला, पुन्हा फिरवला. मग ती टाचांवर बसली आणि फडक्यानं तोंड पुसलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "उद्या गाडी लवकर काढा. ऊन चढायच्या आत ही बाजू संपवायची आहे मला. आणि पुढच्या कामालाही जोड मीच लावणार. जावयांना शिकायचं असेल तर माझ्याजवळ बसू दे."

दीर चिखलात उभा होता. त्यानं जावयाकडे पाहिलं, टोळीकडे पाहिलं, कोर्टाकडे पाहिलं.

"किती वाजता काढू?" त्यानं विचारलं.