लाल बटणावरचा हात

चाकणच्या आमच्या शेडमध्ये विमान नव्हतंच. एका लोखंडी सांगाड्यावर पंखाची मागची हलती फळी, तिला ढकलणारा दट्ट्या आणि विमान चालवणारा संगणक, एवढंच. संगणकाला मात्र आम्ही खोटे आकडे पुरवून, तो भरवेगात उडतोय असं भासवायचो. त्याची खुबी अशी की पंखाला इजा झाली, तर तो उडता उडताच ते अधू विमान सावरायला शिकणार. चाचणी थांबवायचं लाल बटण माझ्याकडे होतं.

गिऱ्हाईक कंपनीची माणसं बघायला आली, त्या दिवशी आम्ही अर्धी फळी तुटल्याचं त्याला भासवलं. सांगाडा थडथडायला लागला. टेबलावरचा पाण्याचा ग्लास सरकत कडेला आला. मी बटण दाबलं.

दुपारी पाहुणे बाहेर गेल्यावर आमचे साहेब नोंदी उघडून, पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघा मॅडम. थरथर कमी होत होती. तो सावरत होता, तुम्ही सावरू दिलं नाहीत."

खरंच होतं ते. 'चाचणी माझ्या घाईमुळे अपुरी राहिली,' असं अहवालात मीच लिहिलं. पाहुण्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवा म्हणून सांगितलं.

संध्याकाळी रहाटणीला घरी आल्यावर बाबांना सांगितलं. बाबांची सगळी नोकरी पत्रा दाबायच्या प्रेसवर गेलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग उद्या दाबणार कधी?"

"वाटलं की."

"वाटलं की न्हाई. प्रेसवर नुसतं वाटेल तसा हात घातला असता, तर आज बोटं नसती. किती झालं की दाबायचं, ते आधी ठरव. मग भ्यायचं तेवढं भी."

सकाळी साहेबांबरोबर बसून हिशेब केला. सांगाडा किती झटका सोसेल, तिथे पडद्यावरच्या थरथरीच्या आलेखावर तांबडी रेघ ओढली.

"आणि रेघेला टेकलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर दाबणार. पाहुणे असले तरी."

"दाबा," ते म्हणाले.

पाहुणे आले आणि आम्ही पुन्हा फळी तुटल्याचं भासवलं. पुन्हा तीच थडथड, उलट कालच्यापेक्षा जास्तच वाटली. आलेख वर चढला. कुणीतरी मागून "मॅडम!" म्हणालं. माझं बोट बटणावर होतं, आणि डोळे रेघेवर. पुढची उसळी रेघेला टेकता टेकता खालीच वळली. त्यानंतरची तिच्याहून बुटकी. मग फळी एका बाजूला कलली आणि तशीच तिरकी, स्थिर राहिली. अर्ध्या फळीनिशी तो सरळ उडत होता.

पाहुणे टाळ्या वाजवत होते. मला बोट उचलता येईना, पेटका आला होता. साहेबांनी ती रेघ प्रोग्राममध्येच घालायला सांगितली, म्हणजे ती ओलांडली की चाचणी आपोआप थांबावी.

घरी फोन केला तर बाबा भाजी आणायला गेलेले. आई म्हणाली, "काय सांगू त्यांना?"

"जमलं म्हणून सांग," म्हटलं, आणि मग उगाच रडू आलं.