ढालीचा काठ

वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणी, दगडाच्या खाणीत ढाल धरायच्या. आता ती कामं उरली नाहीत, म्हणून सांगायला हवं. त्या काळी काही माणसांना मन एकवटून आपल्याभोवती एक आडोसा उभा करता यायचा. डोळ्यांना काहीच दिसायचं नाही, पण अंगावर येणारा दगड हवेतच अडून खाली पडायचा. त्यालाच मनाची ढाल म्हणत. खाण खोल आणि अरुंद होती, सुरुंग उडाला की पळायला जागा नव्हती. म्हणून दिवसातून दोनदा शिट्टी झाली की बावीस माणसं वन्संभोवती गोळा व्हायची, वन्सं डोळे मिटायच्या, आणि दगड पडून जाईपर्यंत कुणी हलायचं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांची भीतीच वाटायची. कामावरून आल्या की खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या, कपाळावर ओला रुमाल ठेवायच्या आणि तासभर तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. मला वाटायचं, मी यांना आवडले नाही. शेवटी ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, "तिचं डोकं दुखतं गं. ती सांगायची नाही आणि तू विचारू नकोस." एवढंच होतं ते! मग मी चहाचा कप गुपचूप शेजारी ठेवून माझ्या शिवणाच्या मशीनकडे निघून जायला लागले. महिन्याभराने एक दिवस रुमालाखालून आवाज आला, "वहिनी, साखर कमी घाल." आमची मैत्री तिथून सुरू झाली.

ढाल धरायला त्यांना मास्तरांनी शिकवलं होतं. मास्तर त्याच खाणीतले आधीचे ढालवाले. वन्संच्या तोंडी सारखं "मास्तर म्हणतात" असायचं.

मग तो अपघात झाला. खडकात भोकं पाडणारा एक गडी होता, सगळे त्याला ड्रिलवालाच म्हणायचे. त्या दुपारी तो घोळक्याच्या कडेला उभा होता. दगड आला आणि त्याच्या डाव्या पायाचा चुरा झाला. बाकी अंगाला ओरखडासुद्धा नाही. एक पाय ढालीच्या बाहेर राहिला होता, वीतभर.

वन्संबरोबर मीही त्याला बघायला गेले. मला वाटलं होतं बायको तरी चार शब्द सुनावेल. तिने खुर्च्या पुढे केल्या. ड्रिलवाल्याने पडल्या पडल्या विचारलं, "ताई, राग नाही माझा. पण तुमची ढाल कुठं संपते ते आम्हाला कसं कळायचं?"

"मला कळतं ना," वन्सं म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच उठल्या.

तिथून त्या तडक मास्तरांकडे गेल्या. ढाल उजळून डोळ्यांना दिसेल अशी करता येते, हे त्यांनी ऐकलं होतं. मास्तर अंगणात रोपांना पाणी घालत होते. त्यांनी मान वर करूनही बघितलं नाही. "उजेड म्हणजे नुसता तमाशा. दगड काय उजेडाला भितो? सगळी ताकद अडवण्यात घालायची, दाखवण्यात नाही. आणि तो गडी पळाला असेल."

"तो जागचा हलला नव्हता, मास्तर."

"पळतात ती. तुला माहीत नाही."

वन्सं घरी आल्या त्या रुमाल न घेताच बसल्या. पुढचे पंधरा दिवस सुट्टीच्या वेळी खाणीत एकट्या थांबून उजळायचा सराव केला. जमलं तेव्हा मुकादमाला बोलावलं आणि ढालीवर दगड मारायला लावले. निळसर, दुधाळ घुमट उभा राहिला म्हणे, बघत राहावा असा. मुठीएवढा दगड अडला. डोक्याएवढा मात्र सरळ आरपार आला आणि वन्संच्या खांद्याला चाटून गेला. मुकादमाने हात झटकले. "ताई, दिसायला झकास आहे. पण खाली उभं कोण राहणार?"

म्हणजे मास्तरांचंच खरं. वन्संनी जेवण टाकलं. मी एका शाळेचे गणवेश शिवत होते, पन्नास शर्ट उरकायचे होते, त्यामुळे समजूत काढायलाही वेळ नव्हता. त्या माझ्याशेजारी स्टुलावर येऊन बसल्या आणि मी कापडावर खडूने खुणा करत होते ते नुसत्या बघत राहिल्या.

"एवढी बारीक रेघ पुरते तुला?"

"कात्री कुठून चालवायची तेवढं कळलं की झालं," मी म्हणाले. "सगळं कापड कशाला रंगवू?"

त्या उठल्या आणि चपला घालून बाहेर पडल्या. मला वाटलं, माझं काही चुकलं.

चुकलं नव्हतं. घुमट न उजळता फक्त जमिनीला टेकतो तेवढा काठ उजळायचा, हे त्यांच्या डोक्यात आलं होतं. सुरुवातीला उन्हात ती रेघ दिसेचना, मग त्यांनी रंग बदलून पिवळा केला, मग हिरवा. हिरवा दिसला. डोक्याएवढा दगड पुन्हा अडायला लागला. माणसं पायाखाली बघून आत सरकायला लागली. कुणी कडेला रेंगाळला तर बाकीचेच ओरडायचे, "अरे, टाच आत घे!"

एवढ्यावर गोष्ट संपली असती, तरी मी ती सांगितली असती. पण त्यानंतर चारेक महिन्यांनी वन्संना भर दुपारी ट्रकमधून घरी आणून सोडलं. अंग तापाने फणफणलं होतं. सुरुंगाला बत्ती द्यायच्या आधी मुकादमाला काठ थरथरताना दिसला होता. मध्येच विझत होता, पुन्हा लागत होता. त्याने सुरुंग थांबवला आणि माणसं वर काढली.

वन्संचा संताप संताप झाला. "वीस वर्षांत एकदा तरी काम सोडून घरी आले होते का मी?"

"वीस वर्षांत एकदाही ताप आला नव्हता?" मी विचारलं.

त्या छताकडे बघत म्हणाल्या, "आला होता की. तेव्हा थरथरणारा काठ दिसत नव्हता."

आणि त्या रडल्या. मी त्यांना रडताना तेव्हाच पाहिलं. त्यानंतर खाणीत नियमच झाला. काठ फिका दिसला की सुरुंग नाही, ताई घरी. पोरं चेष्टा करायची, "ताई, आज जरा फिक्या वाटता, सुट्टी घ्या की, आम्हालाही मिळेल!"

मास्तर खाणीवर आले ते त्या वर्षाच्या शेवटी, कुणी बोलावलं नसताना. सगळ्यांबरोबर ढालीखाली उभे राहिले. दगड पडून गेले, माणसं पांगली, तरी ते त्या हिरव्या रेघेकडे बघत तिथेच उभे. वन्संनी काठ विझवला नाही.

"माझ्या वेळी दोघं गेले," ते म्हणाले. "दोघंही कडेचेच होते. पळाले, असं मी त्यांच्या घरी सांगितलं. मलाही तसंच वाटायचं." मग म्हणाले, "तसं मनाला वाटून घेतलं मी."

वन्संनी त्यांना हाताला धरून वर आणलं. दोघं काय बोलले, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

पुढे पोलादी खोल्या आल्या. शिट्टी झाली की माणसं त्यात शिरायची. ढालवाल्यांची गरज संपली. शेवटच्या दिवशी खाणीतल्यांनी वन्संना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते पाच मिनिटं पुढे पळायचं.

नंतरची अकरा वर्षं त्या घरीच होत्या. माझ्या शर्टांना बटणं लावायच्या आणि गिऱ्हाइकांशी माझ्यापेक्षा जास्त गप्पा मारायच्या. दुपारी जेवण झालं की खिडकी उघडी टाकून, कपाळावर रुमाल न घेता आडव्या व्हायच्या आणि दोन मिनिटांत घोरायला लागायच्या, इतक्या मोठ्याने की गिऱ्हाईक दचकायचं. ह्यांना त्याची लाज वाटायची. मला नाही वाटायची. मी मशीन थांबवून ऐकत बसायची.