सलाइनच्या बाटलीतले जीव

बाबा गेले त्या उन्हाळ्यात आमच्या क्वार्टरच्या खिडकीला, गजाला सुतळी बांधून, सलाइनची बाटली उलटी टांगलेली होती. भेटायला येणाऱ्यांना वाटायचं, बाबांना सलाइन लावलीय. मग त्यांची नजर नळीमागोमाग जायची आणि नळी बाबांच्या हाताऐवजी माशांच्या हवेच्या पंपाला जोडलेली दिसली की ते एकमेकांकडे बघायचे. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, असं एकजण बाहेर जाऊन बोलला. ते माझ्या कानावर आलं. पुढच्या खेपेला मी त्याला चहा विचारला नाही.

बाटलीत खडेमिठाचं पाणी होतं आणि त्यात आर्टेमियाची अंडी. दिसायला कॉफीच्या पुडीसारखी तपकिरी भुकटी. तिचा डबा मी हैदराबादच्या माशांच्या दुकानातून आणला होता. खारट पाण्यात टाकून खालून हवा सोडत राहिलं, की दीडेक दिवसात त्यातून केशरी जीव बाहेर पडतात, टाचणीच्या टोकापेक्षाही बारीक. माशांच्या नुकत्याच पोहायला लागलेल्या पिल्लांना असलंच काही लागतं. जे हलत नाही त्याला ती तोंड लावत नाहीत.

बाबांकडे एंजल माशांची जोडी होती. मादी पुन्हा पुन्हा अंडी घालायची, पिल्लं निघायची, आणि पोहायला लागली की एकेक करून तळाला जायची. बाबांनी अंड्याचा बलक दिला, पाणी नासलं. दुधाची पावडर दिली, पाणी नासलं. तोवर त्यांचा स्वतःचा श्वासही नासत चालला होता. दोन वाक्यांच्या मध्ये ते तोंड उघडं टाकून थांबायचे. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हटलं, म्हणजे काय ते बाबा, आई आणि मी, आम्हा तिघांनाही कळलं. मी शिकवायची त्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, म्हणून मी पूर्णवेळ घरीच होते.

"एक तरी खेप जगली पायजे," बाबा म्हणाले. "मंग मी मोकळा."

आयुष्यभर नोकरी केलेल्या माणसाने शेवटी मागावं तरी काय, तर माशांची पिल्लं. मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं, आणि दुसऱ्याच दिवशी मी हैदराबादची गाडी पकडली.

बाबा खाणीवर लॅम्परूममध्ये होते. पाळीला खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला टोपीवरचा दिवा द्यायचा आणि तो वर आला की परत घ्यायचा, हे त्यांचं काम. दिवा परत आला म्हणजे माणूस वर आला. पाळी सुटली आणि दिव्यांच्या मांडणीतला एखादा खण रिकामा राहिला, तर तो भरेपर्यंत बाबा घरी येत नसत. आई ताटं घेऊन बसलेली असायची. ते दारात दिसले की ती पाणी विचारायच्या आधी विचारायची, "सगळे आले काय?" बाबांनी मान हलवली की वाढायला घ्यायची. निवृत्तीनंतरही ते कुठूनही आले की तिच्या तोंडून पहिलं हेच निघायचं, मग ते बाजारातून भाजी घेऊन का येईनात.

आर्टेमिया गोळा करायची रीत बाबांना फार आवडली ती यामुळेच. पंप बंद करायचा, खिडकीवर चादर टाकायची आणि बाटलीच्या खालच्या तोंडाशी टॉर्च धरायची. रिकामी टरफलं वर तरंगतात आणि जिवंत जीव उजेडाकडे येतात. मी टॉर्च धरायची. बाबा उशीला टेकून बघत राहायचे, आणि केशरी ढग काचेशी दाटला की विचारायचे, "सगळे आले काय?"

"आले, बाबा."

मग मी ते फडक्यातून गाळून, गोड्या पाण्यात धुऊन, ड्रॉपरने माशांच्या जोडीला द्यायची; नवी पिल्लं अजून निघायची होती.

आई मात्र बाटलीच्या जवळ फिरकायची नाही. आमच्या खाणगावाचं, बेल्लमपल्लीचं ऊन असं की खारट पाणी तापून जीव मरायचे, म्हणून बाबांनी कूलरचं तोंड अर्धं बाटलीकडे वळवून घेतलं होतं. आईला याचा संताप.

"मानसापेक्षा त्या घान पान्याचे लाड जास्त."

"ये ना इकडं. पाह्य तं एकदा," बाबा म्हणायचे.

"मले नाई पाहाचं. काई नाई त्यात. तुमी दोघं बापलेक येडे होऊन राह्यले."

ती रागावली होती ती बाटलीवर नाही, हे मला कळत होतं. बाबांना कळत होतं की नाही, कोण जाणे. ते पुन्हा पुन्हा बोलवायचे आणि ती पुन्हा पुन्हा स्वयंपाकघरात जायची.

ती शेवटची सकाळ चांगली उजाडली. नवी पिल्लं आदल्या दिवसापासून पोहत होती. मी त्यांच्यासाठी पहिल्यांदा ड्रॉपर सोडला आणि थोड्या वेळाने त्या काचेसारख्या पिल्लांची पोटं केशरी दिसायला लागली. बाबांनी भिंग मागितलं. खूप वेळ बघितलं. "खाऊन राह्यले," म्हणाले. बाकीचे जीव संध्याकाळसाठी बाटलीतच ठेव, पंप बंद पडू देऊ नको, असं मला दोनदा बजावलं. दुपारचं जेवण पुढ्यात आलं तेव्हा ते गेले होते. ताट तसंच राहिलं.

मी चंद्रपूरच्या आत्याला फोन करायला एसटीडी बूथवर गेले. परत आले तर दारासमोरची नाली वाहत होती. आमच्यात घरात माणूस गेलं की घरात भरून ठेवलेलं पाणी ठेवत नाहीत. गेलेल्याचा जीव त्यात घुटमळतो म्हणतात. क्वार्टरच्या ओळीतल्या बायकांनी माठ, हंडे, ड्रम, पेलेसुद्धा उपडे केले होते. उन्हाळ्यात आमच्याकडे नळ दिवसाआड यायचा. तरी थेंब ठेवला नव्हता. मग त्यांनीच आपापल्या घरून कळशा आणून बाबांच्या आंघोळीचं पाणी भरलं. माणसं माणसांशी वागतात तशा त्या वागल्या, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

बाबांना नेलं. बायका पांगल्या. दिवस कलला तेव्हा पिल्लांच्या खाण्याची वेळ झाली, म्हणून मी बाबांच्या खोलीत गेले. पिल्लांची काचपेटी जागेवर होती. बाटली रिकामी होती. नळी खाली लोंबत होती आणि पंप हवेतच फुरफुरत होता.

शेजारच्या काकू तेवढ्या आईपाशी बसल्या होत्या. मी विचारलं तशा त्या बावरल्या.

"मी विचारलं वं तुह्या आईले. माशाचं ओतू काय म्हटलं, तं म्हने, त्यात जीव हायेत, राहू द्या. बाटलीचं विचारलं तं म्हने, ते घान पानी हाय, ओता."

आईने माझ्याकडे बघितलं. मला राग आला होता, पण तो ठेवायचा कुठे ते कळेना. मी एवढंच म्हणाले, "आई, पिल्लांचं खाणं होतं त्यात. आता नवीन निघेपर्यंत ती जगत नाहीत."

तसंच झालं. मी त्याच संध्याकाळी काकूंकडच्या पाण्यात मीठ कालवून नवी अंडी टाकली, मधल्या वेळात बलक कुस्करून दिला. त्याला कुणी तोंड लावलं नाही. नवे जीव निघाले तोवर पेटीच्या तळाला पांढरी कणी साचल्यासारखी पिल्लं पडलेली होती. बाबांची ती खेपही गेली.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी माझं बोलणं ऐकून आई उठली. बाबांच्या उशाखालची टॉर्च घेतली आणि बाहेर गेली. बराच वेळ ती आली नाही, म्हणून मी दारात गेले. ती नालीच्या कडेला उकिडवी बसली होती. दुपारचं पाणी कधीच वाळलं होतं. सिमेंटवर मिठाचा पांढरा पट्टा तेवढा उमटला होता. आईने त्याच्याशी टॉर्च धरली होती, मी धरायची तशी, अगदी जवळ, हात न हलवता.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने मान वर केली नाही.

"एकई नाई आला वं," ती म्हणाली.

मी टॉर्च घ्यायला हात पुढे केला. तिने ती दिली नाही.