शनिवारचे तांदूळ

आमच्या कॉलेजात दयाळू माणसांची कमतरता नाही, आणि माझं डोकं सर्वांत जास्त त्यांच्यापायीच फिरतं. निर्दयी माणसाशी निदान भांडता तरी येतं. दयाळू माणूस आधी हात जोडतो, मग गोड बोलतो, आणि ज्याच्यावर दया करायची त्याला दारातूनच परत पाठवतो.

हल्ली पदवीच्या प्रत्येक पोराला काही आठवडे खऱ्या कामाच्या जागी जाऊन काम शिकावं लागतं. पोरं त्याला ओजेटी म्हणतात. गोंदियात राईस मिल आहेत, ठोक दुकानं आहेत, सीएंची ऑफिसं आहेत; पोरं कुठे ना कुठे खपून जातात. मी वाणिज्य शिकवते. दिव्यांग विद्यार्थ्यांना या कामासाठी तयार करायचं आणि त्यांना जागा शोधून द्यायची, हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण ते दुसऱ्या कोणालाच नको होतं. पहिल्याच बैठकीत एक सहकारी कळवळून म्हणाले, या पोरांना सूट देऊन टाका, लायब्ररीत बसवून एखादा प्रकल्प लिहून घ्या, कशाला त्यांचे हाल? मी विचारलं, पुढे नोकरी करायची वेळ आली की तेव्हाही लायब्ररीतच बसवायचं का? त्यावर सगळ्यांनी आपापले चहाचे कप उचलले.

त्या वर्षीच्या पोरांमध्ये एक मुलगी होती, नवेगाव बांधजवळच्या खेड्यातली. घरी धानाची शेती. जन्मापासून तिला दिसत नाही. तिचा फोन बोलतो, कॉम्प्युटरही बोलतो, आणि इतक्या भराभर बोलतो की मला त्यातलं एक अक्षर कळत नाही, तिला सगळं कळतं. तिला गाणं येत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आंधळी मुलगी म्हटलं की लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. नाही म्हटलं तर त्यांना फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

दुपारी एखादा वर्ग रिकामा झाला की आम्ही तयारी करायचो. नव्या जागी गेल्यावर पाणी कुठे, संडास कुठे, हे न संकोचता कसं विचारायचं. कोणी न सांगता दंड धरून ओढायला लागलं तर आपला हात सोडवून त्याचा कोपर कसा धरायचा. मला हे येतं, हे येत नाही, हे शिकवलं तर येईल, असं सरळ कसं सांगायचं. एकदा सरावात मी मालक झाले आणि बिल चुकलं म्हणून तिला खडसावलं, तर ती खुदकन हसली. मला राग आला. हसायला काय झालं म्हणून विचारलं.

“मले आतापर्यंत कोनी कामावरून रागावलंच नाई, मॅडम,” ती म्हणाली. “रोवणीत पऱ्हे वाकडे लागले तं भावाले शिव्या पडते. मले म्हणते, तू बस. मी धुऱ्यावर बसून त्याच्या शिव्या आयकत राहते.”

घरातली सगळी माणसं भाताची रोपं लावत चिखलात वाकलेली, आणि ही शेताच्या बांधावर बसलेली. तिला काय हवं आहे ते मला त्या दुपारी नीट कळलं. कॉलेजला हवा होता तो सही-शिक्क्याचा कागद तिला नको होता. तिला काम हवं होतं, चुकलं तर बोलणी खावी लागतील इतकं खरं काम.

जागा मिळाली ती एका राईस मिलमध्ये. मालक पिढीजात व्यापारी, बोलायला अतिशय मवाळ. मी त्यांना आधीच समजावून सांगितलं होतं, की ही बिलं करू शकते, गाड्यांचे फोन घेऊ शकते, फक्त सुरुवातीला कोणीतरी सोबत बसून दाखवावं लागेल. ते प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. पहिल्या दिवशी तिला घेऊन गेले तर दारातच सत्कार. शाल, नारळ, हार, आणि फोटो काढायला दोघं जण उभे. बाकीची चार पोरं त्याच दिवशी तिथे रुजू झाली होती, त्यांच्या गळ्यात कोणी फूलसुद्धा घातलं नाही, त्यांना सरळ गोदामात पिटाळलं. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली, पण म्हटलं, जाऊ दे, पहिला दिवस आहे. शालीची घडी करून मी पिशवीत टाकली.

पुढच्या आठवड्यात पाहणीसाठी गेले. तो शनिवार होता. आमच्याकडे शनिवारी व्यापाऱ्यांच्या दारात मागणारे येतात, आणि त्यांना रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, ही जुनी रीत आहे. त्या मिलच्या फाटकाशीही माणसं रांगेत बसली होती. म्हातारी, लंगडी, आंधळी. मुनीमजी पोत्यातून एकेकाच्या झोळीत कणीचे तुटके तांदूळ घालत होते. मी त्यांना नमस्कार करून आत गेले.

आत मालकांच्या गादीशेजारी, लक्ष्मीच्या तसबिरीखाली, एका गुबगुबीत खुर्चीवर माझी विद्यार्थिनी बसली होती. समोर टेबल नाही, फोन नाही, कॉम्प्युटर नाही. डोक्यावर पंखा होता, हातात चहाचा कप. इतक्या दिवसांत काय काम केलं, मी विचारलं. तिनं सांगितलं की रोज सकाळी तिला तिथे बसवतात, दुपारी मालकांच्या घरून डबा येतो, आणि मिलमध्ये आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिची ओळख करून देतात. काम मागितलं की सगळे म्हणतात, तू बस.

मालक हात जोडून म्हणाले, “मैडम, इस बच्ची से काम करवाऊँगा तो मुझे पाप लगेगा. हमारे यहाँ तो ये लक्ष्मी बनके आई है.”

मी तोंड उघडणार इतक्यात मुनीमजी फाटकावरून आत आले. हातात तांदळाची बांधलेली पिशवी होती. चेहरा इतका प्रसन्न, इतका निर्मळ, की आपण काय करतोय याची त्या माणसाला कल्पनाही नाही हे उघड दिसत होतं. त्यांनी ती पिशवी अलगद तिच्या मांडीवर ठेवली.

तिनं पिशवी चाचपली, गाठीशी दोन बोटं आत घालून दाणे पाहिले.

“काका, हे इथं सगळ्यायले भेटते का?”

“नाई बाई. कामवाल्यायले कायले? हे शनिवारच्या लोकायसाठी राहते.”

“मंग मी कोन व्हय?”

मुनीमजी गोंधळले. मालकांकडे पाहून, मग तिच्याकडे पाहून ते मायेनंच म्हणाले, “तू बस ना, बाई. तुले कोन काय म्हणून राहिलं?”

ती उठली. पिशवी खुर्चीवर ठेवली, काठी उघडली आणि मला म्हणाली, चला मॅडम. मालक मागे मागे आले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. रोज यायचा त्रास होत असेल तर नका पाठवू, ते म्हणाले, सगळ्या आठवड्यांचं सर्टिफिकेट मी आजच देऊन टाकतो, उत्तम काम केलं असं लिहून. मी त्यांना जे बोलायचं ते बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण फाटकावरच्या रांगेतली माणसं माना वळवून पाहत होती.

ऑटोत बसल्यावर माझं तोंड सुरूच होतं. तिनं काठीची घडी केली. मग म्हणाली, “अन् कणी देल्ली, मॅडम. घरी आम्ही ते कोंबड्यायले टाकतो.” आणि मग रडायला लागली. धान पिकवणाऱ्या घरातली ती पोर, काम मागायला गेली आणि तिच्या मांडीवर भिकेचे तांदूळ पडले. मला ते आजही आठवलं की संताप होतो, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

कॉलेजात पोचेपर्यंत बातमी पोचली होती. मला प्राचार्यांचं बोलावणं आलं. स्नेहसंमेलनाला ते मालक मदत करतात, त्यांना दुखवून कसं चालेल? सर्टिफिकेट मिळत होतं ना, मग अडलं कुठे? मी म्हटलं, न केलेल्या कामाचं सर्टिफिकेट आपण बाकीच्या पोरांना चालवून घेतो का? तिथे तो खोटेपणा ठरतो. हिच्या बाबतीत त्यालाच माणुसकी म्हणायचं का? संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. देऊन राहिले तं घेऊन घ्या ना कागद, पोरीले कायले तरास, असं ते म्हणत होते. मला त्यांचाही राग आला. तो मात्र मी गिळला, कारण त्यांचा आवाज दबला होता.

मग मी पुन्हा दारोदार फिरले. कोणी म्हणालं, गिऱ्हाईक काय म्हणेल? कोणी म्हणालं, काही झालं तर जबाबदारी कोणाची? एका ऑफिसात सांगितलं, आमच्याकडे पायऱ्या फार आहेत. मी म्हटलं, पायऱ्या तिला दिसत नाहीत, चढता येतात. आमच्या डोक्यावरून बिरसीच्या विमानतळावरची विमानं घरघरत जातात, तिथे पोरं विमान उडवायला शिकतात, आणि एका मुलीला फोन उचलायला खुर्ची मिळवताना माझ्या चपला झिजत होत्या.

शेवटी जागा मिळाली ती सडक अर्जुनीला, हायवेवर, एका ढाब्याला लागून असलेल्या ट्रान्सपोर्टच्या टिनाच्या शेडमध्ये. मालकीण होती एक विधवा बाई. तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत, एका हातात फोन, दुसऱ्या हातानं डायव्हरला थांब म्हणून खुणावत ती माझ्याशी बोलली. मी नेहमीचं भाषण सुरू केलं तर तिनं मध्येच तोडलं. “फोन उचलते का? गाड्यायचे नंबर ध्यानात राहते का?” मी हो म्हटलं. “मंग पाठवा. सोमवारी आठ वाजता.” चहा विचारला नाही, बसासुद्धा म्हणाली नाही. इतका आदर मला त्या महिन्यात दुसऱ्या कोणी दाखवला नव्हता.

मुलगी घरून एसटीनं जायला लागली. काही दिवस तिचा फोन नाही. मग एका दुपारी आला, मागे ट्रकचे हॉर्न, कोणीतरी ओरडतंय.

“मॅडम, मले आज बाईनं गजब झापलं.”

माझा हात पर्सकडे गेला. निघतेच, असं मी म्हणणार होते. पण तिनं मला बोलूच दिलं नाही. दोन गाड्या एकाच वेळी फोनवर होत्या. कोहमाऱ्याच्या चौकातून नवेगाव बांधकडे वळायची होती ती रिकामी गाडी तिनं सरळ देवरीला पाठवली. तिकडे धान भरायला हमाल ताटकळत बसले, इकडे गाडी भलतीकडेच. बाईनं सगळ्या डायव्हरांसमोर विचारलं, डोस्कं घरी ठेवून येतं का? स्वतःच्या गावाचा रस्ता मालूम नाई? पुन्हा असं झालं तर घरी बसवीन. हे सगळं तिनं मला शब्दाशब्दानं सांगितलं, बाईच्या आवाजासकट, आणि तिला धाप लागली होती.

“मंग तू काय म्हटलं?” माझ्याही तोंडून तिचीच बोली निघाली.

“काय म्हणू? चुकली म्हटलं. आता एकाले होल्डवर ठेवते, दुसऱ्याले नंबर दोन बार विचारते.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला काहीतरी छान सांगावं म्हणून मी शब्द जुळवत होते. पलीकडून बाईची हाक ऐकू आली, आणि ती घाईघाईनं म्हणाली,

“ठेवते मॅडम. काम आहे.”