पडद्यावरची होडी

माझ्या नवऱ्याला तुडीलच्या तरीवर, माणसं नदीपार न्यायला, मोटारीची होडी चालवायची होती, आणि परवान्यासाठी महाडात कॉम्प्युटरवर परीक्षा होती. आता बोला! ज्याचा जन्म सावित्री नदीच्या पाण्यात गेला, तो खुर्चीत बसून खोटी नदी ओलांडणार. मी हसून हसून मेले आणि मजा बघायला बरोबर गेले.

पडद्यावर नदी होती, होडीत माणसं होती. कुणी मध्येच उभं राहिलं की लाल बटण दाबायचं, म्हणजे यंत्र ओरडायचं, "खाली बसा!" नवऱ्यानं होडी झकास नेली. मग टोपीवाला म्हातारा उभा राहिला आणि याचा हात बटणावर तसाच थांबला. पडद्यावरची होडी उलटली. "दाबलं का नाहीत?" शिकवणाऱ्या साहेबांनी विचारलं.

"म्हाताऱ्या माणसावर काय वरडायचं?" नवरा पुटपुटला.

माझं हसू तिथंच विरलं. घरात सासऱ्यांपुढे याच्या तोंडून कधी शब्द फुटला नव्हता.

दुसऱ्या खेपेला पडद्यावर तरणा पोरगा उठला. यानं झटकन बटण दाबलं. पास! साहेबांनी पाठ थोपटली. मी मात्र एस.टी.त त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याचाच विचार करत होते.

नारळी पौर्णिमेला वर घाटात पाऊस झोडपत होता, नदी गढूळ, फुगलेली. होडी माणसांनी भरली होती. सासरे नारळ घेऊन पुढे बसले. दरवर्षी ते नदीच्या मध्यावर उभे राहून नारळ द्यायचे.

"मामा, यंदा काठावरनंच द्या ना," मी म्हटलं.

"काठावरचा भरतीला परत येतो गो. नदीनं नारळ घेतला नाय तर ती काय घेते, ठाव हाय ना?"

ठाऊक होतं. माणूस घेते. नवरा इंजिनाकडे बघत राहिला, माझ्याकडे नाही.

होडी निघाली, मी काठावरच राहिले. मध्यावर सासरे उठले. होडी कलली, बायका किंचाळल्या. मी काठावरून बोंबलले, पण इंजिनापुढे माझं कोण ऐकतंय! अरे दाब ना बटण, दाब, असं मी वेड्यासारखी म्हणत होते.

"बाबा, खाली बस!"

नवऱ्याचा आवाज काठापर्यंत आला. सासरे बसले, होडी सावरली.

परत आल्यावर सासऱ्यांनी नारळ माझ्या हातात ठेवला. "आता तुमचं तुम्ही बघा," एवढंच म्हणाले आणि घरी गेले. मला नवऱ्याचा इतका अभिमान वाटत होता की रडू आवरेना. तिन्हीसांजेला मी तो नारळ काठावरूनच, अंगात होता तेवढा जोर लावून पाण्यात फेकला.

सकाळी तो तरीच्या पायरीला लागून डुलत होता. भरतीनं आणला, दुसरं काय, मी स्वतःला समजावलं. सासरे वरून बघत होते. नवऱ्यानं नारळ बाजूला सारला आणि माणसं बसवायला घेतली.

"आज नका जाऊ," मी म्हटलं.

"पास झालोय मी," तो हसला आणि त्यानं इंजिन चालू केलं.

त्या दिवशी तो परत आला. नंतरही रोज आला. पण त्या इंजिनाचा आवाज कानावर येईपर्यंत माझ्या घशाखाली अजून घास उतरत नाही.