दारातली हातबत्ती

ये, अशी जवळ बस. उंबऱ्यात उभी राहून बोलायला तू काय परकी आहेस? लग्न होऊन कान्ह्याला आलीस, तरी तिथून इथं लोणावळ्याला यायला दोन वर्षं लावलीस, आणि आल्याबरोबर विचारतेस काय, तर आई तुमच्याकडे का येत नाही. तिनं सांगितलं नसेल तर मलाच सांगायला हवं.

तुझे वडील आणि आमचे हे रेल्वेच्या एकाच गँगमध्ये होते. चाळीत तुझ्या आईची नि माझी भिंत एक, चूलसुद्धा एकीच्या निखाऱ्यावर दुसरीची पेटायची. पावसाळ्यात हे दोघं घाटात गस्तीला जायचे, दरड कुठं आली का बघत. चाळीची रीत अशी, की ज्याची पाळी असेल त्याच्या बायकोनं दिवेलागणीला हातबत्ती पुसून, तेल भरून, पेटवून दाराबाहेर ठेवायची. मुकादम ओळीनं चालत यायचा. बत्ती दिसली की त्या माणसाची हजेरी लागली. हाक मारायची गरजच नाही.

त्या श्रावणात गँगवाल्यांनी संप केला. बत्त्या घरात ठेवायच्या असं सगळ्या बायकांनी ठरवलं, त्यात मीही होते. घाटात एक दिवा नाही, इंजिनं शिट्ट्या देत बिचकत उतरायची. चाळीत पोरंसुद्धा हळू बोलायची. संप फसला तर संपवाल्यांच्या खोल्या रिकाम्या करून घेणार, असं मुकादम सांगून गेला होता.

चौथ्या दिवशी पुरुष बाजारातून मोर्चा काढायला गेले. आभाळ खाली आलेलं. मी तांदूळ निवडले, केर काढला, आणि काय सांगू, सवयीनं हातानं आपसूक बत्ती पुसली, पेटवली आणि दाराबाहेर ठेवली. आत येऊन भाकऱ्या थापायला बसले. मुकादम कधी येऊन गेला, कळलंच नाही.

मग पावलं ऐकू आली. मोर्चा चाळीकडे परतत होता, आणि घोषणा एकाएकी थांबल्या. मी बाहेर आले. सगळी माणसं आमच्या दारासमोर उभी. पुढं आमचे हे, शेजारी तुझे वडील. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

हे एवढंच म्हणाले, "आत घे ती."

सकाळी हे मुकादमाकडे हजेरीतून नाव काढून घ्यायला गेले. तो म्हणाला, हजेरीचा कागद वर साहेबाकडे गेला. आठवड्यात संप मोडला. बाकी सगळ्यांना काढलं, खोल्या सोडायला लावल्या; कामावर राहिले एकटे हे. हे नोकरी सोडायला निघाले होते. आता खरं सांगते, सोडू नका म्हणून ह्यांचे पाय मी धरले. बत्ती चुकून ठेवली गेली, पण हे चुकून नव्हतं.

तुम्ही निघालात तेव्हा तू आईच्या पोटात होतीस. बैलगाडी दारात थांबली. मी तांब्याभर पाणी पुढं केलं. तिनं ते घेतलं नाही.

"तुझी बत्ती जप, बाई," म्हणाली.

त्यानंतर रिकाम्या चाळीत माझ्याशी बोलायला भिंतसुद्धा नव्हती. ह्यांनी मला पुन्हा बत्तीला हात लावू दिला नाही. रोज स्वतः पुसायचे, आणि दाराबाहेर न ठेवता हातात घेऊनच निघायचे.

तुझ्या आईला हे सगळं सांग, पाय मी धरले तेही सांग. आणि लवकर ये, तिला घेऊन ये. आत आली नाही तरी चालेल. मी तांब्या घेऊन दारातच उभी राहीन.