प्रवासाचं कारण

कोणताही कागद हातात आला की काका तो आधी ट्यूबलाइटकडे धरायचे. वाचायचे नंतर. कागद स्क्रीनवर आलेला असला तर त्याची प्रिंट काढायचे आणि मग ती प्रिंट ट्यूबलाइटकडे धरायचे. "काका, प्रिंट आपल्याच मशीनची आहे. तिच्यात आरपार काय दिसणार?" असं मी पन्नासदा तरी विचारलं असेल. "असू द्या ना जी, डोयाले सवय हाये," म्हणायचे. मग चष्मा कपाळावर सरकवून ठरलेले दोन शब्द टाकायचे, "त्रुटी हाये."

आता आमचं काम काय होतं ते सांगते, म्हणजे गंमत कळेल. नागपुरात ज्या घरी चहाला जाल, त्या घरातलं कुणीतरी अमेरिकेत असतं, नाहीतर जायच्या खटपटीत असतं. आणि त्याच नागपुरात, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, आम्ही चौदा जणं अमेरिका सोडून निघालेल्या अमेरिकनांचे कागद लावत होतो. कुणाला पोर्तुगालला जाऊन राहायचं, कुणाला स्पेनला, कुणाला मेक्सिकोला. आधी व्हिसा, मग राहण्याचा परवाना. त्यासाठी पोलिसांचा दाखला, दाखल्यावर सरकारी शिक्का, घरभाड्याचा करार, आणि 'मला तुमच्या देशात का राहायचं आहे' असं स्वतःच्या शब्दांतलं पत्र. सगळं ई-मेलनं आमच्याकडे यायचं, आम्ही तपासून पुढे सरकवायचो.

माझ्या आत्याचा अजूनही यावर विश्वास नाही. "अमेरिका सोडून जातेत? काहून वं? डोस्कं फिरलं का त्याइचं?"

काका तहसील कचेरीतून निवृत्त झाले होते. तेहतीस वर्षं लोकांचे अर्ज तपासले, उत्पन्नाचे, जातीचे, रहिवासाचे. शहराच्या टोकाला, बेस्याला, आमच्या मालकांच्या शेजारी राहायचे, म्हणून नोकरीला लागले. मी टीम लीडर, मला हवी होती कॉम्प्युटर फटाफट चालवणारी मुलगी. मिळाले हे. पहिल्या दिवशी टिफिन, छत्री आणि स्वतःचं स्टेपलर घेऊन आले. मी कपाळाला हात लावला. पण आठवड्याच्या आत त्यांनी एका फाइलीतला पोलिसांचा दाखला मुदतीपेक्षा चार दिवस जुना आहे हे पकडलं. आम्ही तिघींनी ती फाइल 'ठीक' म्हणून पास केली होती. त्यानंतर मी त्यांच्या टिफिनबद्दल काही बोलले नाही.

गंमत म्हणजे शेकडो लोकांना परदेशी पोहोचवणाऱ्या या माणसाचा स्वतःचा पासपोर्टच नव्हता. "कायले पाह्यजे? मले कुठं जायचं हाये? बहीण कामठीले राह्यते, तिच्याकडं जाले पासपोर्ट लागत नाही."

त्यांचा खरा जीव त्या पत्रात. 'का राहायचं आहे' हा रकाना म्हणजे त्यांच्या मते सगळ्या अर्जाचा प्राण. त्याबद्दल त्यांचं एकच सांगणं, "खरं लिहा, थोडकं लिहा." अमेरिकनांना थोडकं लिहिता येत नाही, हे तुम्हीही कधी त्यांच्याशी कामानिमित्त बोलला असाल तर पाहिलं असेल. एकानं लिहिलं होतं, मला स्वतःला शोधायचं आहे, म्हणून मी पोर्तुगालला जात आहे. मी काकांना अर्थ सांगितला. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "कधीपासून हरवले? पोलिसात नोंद केली का?" आम्ही सगळे पोट धरून हसलो. ते हसले नाहीत. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

एका विधवा बाईंनी चार पानं लिहून पाठवली होती. ऊन, समुद्र, द्राक्षाचे मळे, जुन्या गल्ल्या. काका म्हणाले, "मॅडम, हिले इचारा, खरं कारण काय हाये." मी म्हटलं, काका, असं विचारता येत नाही. "काहून येत नाही? इचारून तर पाहा." मी धीर करून मेल टाकला. उत्तर तीन ओळींचं आलं. नवरा गेला. घर फार मोठं वाटतं. बहीण तिकडे राहते. काकांनी ते तीनदा वाचलं. "झालं. हेच धाडा. त्रुटी नाही." बाईंना व्हिसा मिळाला. त्यांचा आभाराचा मेल आला, तोही प्रिंट काढून ट्यूबलाइटकडे धरलाच.

मग एक दिवस ते हातात काही कागद न घेता माझ्या टेबलाशी आले. तेव्हाच मला कळलं, काहीतरी वेगळं आहे.

"मॅडम, पहिलं बायंतपण माहेरचं असते ना?"

एकुलती मुलगी लग्न होऊन टेक्सासला होती. काकू जाऊन चार वर्षं झाली होती. मुलीला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी विमानात बसायला बंदी केली होती.

"असतं काका. पण ती येऊ शकत नाही तर..."

"ते येऊ शकत नाही, तर माहेरानं जावं लागते." मग म्हणाले, "आता माहेर म्हंजे मी एकटाच उरलो."

मी उगाच माउस हलवत बसले.

काकांनी पासपोर्ट काढला आणि बाळंतपण शिकायला घेतलं. शिकवणाऱ्या आम्ही, ऑफिसातल्या बायका. त्यांनी एक वही केली. अनुक्रमांक, बाब, शेरा. शेक, धुरी, बाळगुटी, अळिवाची खीर. प्रश्न विचारायचे ते भर ऑफिसात, तहसीलच्या आवाजात. "दूध कमी आलं तं काय द्याचं वं?" नव्या लागलेल्या पोरी लाजून स्क्रीनमागे लपायच्या. काका मात्र एखादं जोडपत्र राहून गेल्यासारखे उत्तराची वाट पाहत उभे. अकाउंट्सच्या ताईंनी त्यांना डिंकाचे लाडू शिकवले. पहिला घाणा एवढा कडक झाला, की ताई म्हणाल्या, "काका, हा बाळंतिणीला नका देऊ, जावयाला द्या." दुसरा घाणा मात्र झकास जमला. दोन स्टीलचे डबे भरून ठेवले.

राहिला व्हिसा. त्यांच्या मुलाखतीची तयारी करून घेणं माझ्याकडे. मी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं, "काका, बाळाला सांभाळायला चाललो असं अजिबात म्हणायचं नाही. व्हिसावाले त्याला काम धरतात. फिरायला चाललो, मुलीला भेटून महिन्याभरात परत येतो. बस. याच्यापुढे एक शब्द नाही."

मीटिंग रूममध्ये मी अधिकारी व्हायचे. पहिल्या दोन प्रश्नांना काका बरोबर उत्तरं द्यायचे. तिसऱ्याला घसरायचे.

"फिराले? तिथं फिराले काय हाये? मी काही फिराले चाललो नाही ना जी."

"काका, एवढं एक वाक्य! सगळे म्हणतात."

"तेहतीस वर्षं लोकाइले म्हटलं, कारणात खोटं लिहू नका. कित्येकाइचे अर्ज वापस केले. आता मीच..."

"घाला तो तुमचा खरेपणा चुलीत!" मी ओरडलेच. काका हसले. "बरं. पाहू."

पाहू म्हणाले तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मुलाखत मुंबईला होती. परत आले तसे सरळ ऑफिसात आले, बॅग घेऊन. आम्ही विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं.

"खिडकीमांगं पोरगीच होती, माह्या पोरीएवढी. गोड बोलत होती. मी म्हटलं, मुलीले भेटाले चाललो. बरोबर म्हटलं ना?"

"बरोबर. मग?"

"मंग ते म्हणे, तिथं तुम्ही काय कराल. आता तिनं सरळ इचारलं. सरळ इचारल्यावर काय सांगू?"

म्हणजे सगळं सांगितलं होतं. आंघोळीच्या पाण्यापासून अळिवाच्या खिरीपर्यंत. वहीसुद्धा काढून दाखवली होती. किती दिवस राहणार? सव्वा महिना तर पक्का, पुढे पोरीची तब्येत पाहून. आणि नागपूरला घरी कोण आहे? "कोणीच नाही, म्हणून तं निघालो, असं म्हटलं मी."

मी डोकं धरून बसले. या माणसाला दोन्ही खांदे धरून गदागदा हलवावं असं वाटत होतं. त्यांनी खिशातून नकाराचा छापील कागद काढला, उलगडला आणि माझ्यासमोर ठेवला.

"तिची चूक नाही मॅडम. मी तिच्या जागी असतो तं मीही नामंजूरच केला असता. परतीची तारीख नाही, मांगं कोणी नाही. त्रुटी हाये."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. रागानं रडले की कशानं, ते मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ते दोन्ही डबे ऑफिसात आले. "खाऊन घ्या, नाहीतं खवट होतीन." बाळंतिणीसाठी केलेले लाडू आम्ही चौदा जणांनी खाल्ले. छान झाले होते हो. तेच तर वाईट होतं. अकाउंट्सच्या ताई मात्र उठून पाणी प्यायला गेल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत.

नात झाली ती कामाच्याच दिवशी, दुपारी. जावयानं फोनवर दाखवली. काकांनी फोन दोन्ही हातांत धरून लांब केला, जवळ घेतला. मग मुलगी दिसली. "मी बरी आहे बाबा," म्हणाली आणि रडायलाच लागली. काका "कानाले बांध बेटा. गरम पाणी पी," एवढंच म्हणत राहिले. ती म्हणाली, "इथं बर्फ घातलेलं पाणी देतात बाबा." तेवढ्यात तिकडे नर्स आली आणि फोन बंद झाला. काका फोन टेबलावर ठेवून बसले. मग त्यांनी पुढची फाइल उघडली.

कुठल्या वेळी कुठली फाइल यावी! ओहायोचे एक आजी-आजोबा, पोर्तुगालला निघालेले. पत्र दोन ओळींचं. आमच्या मुलीला बाळ होणार आहे. तिला आणि बाळाला सांभाळायला आम्ही तिकडे येत आहोत. खरं आणि थोडकं. इतकं नेटकं पत्र आमच्याकडे वर्षातून एखादं यायचं. एरवी काकांनी ते साऱ्या ऑफिसला वाचून दाखवलं असतं.

काका त्या दोन ओळींकडे बराच वेळ पाहत होते. मग मला हाक मारली.

"मॅडम, याइले लिहा, दुसरी ओळ काढून टाका म्हणा. तिच्या जागी लिहा, आमाले समुद्र आवडते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काका, पोर्तुगालला हे चालतं. नातवंडं सांभाळायला तिथं कुणाची मनाई नाही."

"मले माहीत हाये."

"मग कशाला?"

"खिडकीत कोण बसलं असन, त्याले काय वाटन, कोण सांगावं? पोहोचू द्या त्याइले. लेकरू होऊन जाईन तोवर."

तेहतीस वर्षं आणि वर आमची तीन, एवढ्या काळात या माणसानं कुणाच्या कागदावर खोटं येऊ दिलं नव्हतं, आणि आज आणलं तेही गरज नसलेल्या ठिकाणी. मी वाद घालू शकत होते. नाही घातला. मेल पाठवला. आजी-आजोबांनी बिचाऱ्यांनी निमूटपणे समुद्र आवडतो असं लिहून दिलं. त्यांना व्हिसा मिळाला.

महिनाअखेर काकांनी राजीनामा दिला. एका ओळीचा, प्रकृती ठीक नसल्यामुळे. प्रकृती ठणठणीत होती, रोज तीन जिने चढून यायचे. मी तो कागद हातात घेऊन त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली. "आता नाही जमत जी. मंजूर करून टाका." मी केला. त्यांच्या जागी कॉम्प्युटर फटाफट चालवणारी मुलगी आली आहे. हुशार आहे. गेल्या महिन्यात आमच्या तीन फाइली परत आल्या.

परवा रविवारी मी बेस्याला गेले होते. नात आता रांगते, फोनवर रोज दिसते. मी मुद्दामच विषय काढला. "काका, पुन्हा अर्ज करू. आता बाळंतपण नाही, काही नाही. आता तर सोपं आहे. मी तारीख घेऊन देते."

मला वाटलं होतं नाही म्हणतील. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि माझ्यासमोर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"घ्या तारीख. या खेपेले तुमी म्हणान तेच म्हणतो. एक शब्द इकडचा तिकडं करनार नाही."

"नक्की?"

"नक्की. शिकवा. कायले चाललो मी?"

ते वाक्य मला पाठ होतं. मीच तर त्यांना ते महिनाभर घोकवलं होतं, त्यापायी ओरडले होते. मी तोंड उघडलं आणि काही केल्या ते वाक्य तोंडातून निघेना.

काका वाट पाहत होते.

"बोला ना जी," ते म्हणाले. "काय सांगू?"